गाडीतला पारा खरा की वेधशाळेतला?

मे महिना लागला की आपल्या गेवराईतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच फोटो फिरायला लागतो. गाडीचा डॅशबोर्ड, त्यावर ४७ नाहीतर ४८ चा आकडा आणि खाली ओळ : "गेवराई पेटली!" कुणाचा फोटो पाडळसिंगी टोलनाक्यावरचा, कुणाचा गढी फाट्यावरचा, कुणाचा शहागडच्या पुलाअलीकडचा. दुसऱ्या दिवशी पेपरात बीडचं कमाल तापमान त्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी छापून येतं, आणि मग ग्रुपवर जुंपते. एक गट म्हणतो, सरकार आकडे दाबतंय. दुसरा म्हणतो, गाडीतलं मशीन काय, काहीही दाखवतं. मग मला फोन येतात, "भाऊ, खरा आकडा कोणता? बातमीत कोणता लावणार?"

दरवर्षी फोनवर तुकड्या-तुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा यंदा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण दुपारी बाहेर पडायची सोय नाहीच, तर सावलीत बसून वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाडीतला आकडा आणि वेधशाळेतला आकडा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आणि आपल्या तालुक्याला ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय, म्हणजे उन्हात राबणाऱ्या माणसाला किती झळ बसते, त्याचं पूर्ण उत्तर या दोन्हींपैकी एकाकडेही नाही. हे कसं, ते समजायला थोडा इतिहास बघावा लागेल.

आधी वेधशाळेचा आकडा

पेपरात छापून येतं ते तापमान उन्हातलं नसतं, सावलीतलं असतं. हे अनेकांना माहीत नाही. थर्मामीटर उन्हात ठेवला की तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापलाय ते सांगतो. काळ्या पत्र्यावर ठेवला तर एक आकडा, पांढऱ्या कपड्यावर ठेवला तर दुसरा. मग बीडच्या आणि नागपूरच्या आकड्याची तुलना करायची कशी? त्यासाठी सगळीकडे थर्मामीटर सारख्याच घरात राहिला पाहिजे.

ते घर बनवलं थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडच्या इंजिनिअरने, १८६० च्या दशकात. मूळ धंदा दीपगृहं बांधण्याचा. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. बापाने बनवलेली पेटी साधी आहे : लाकडी, पांढरी रंगवलेली, चारी बाजूंना दुहेरी झडपा, म्हणजे हवा खेळेल पण ऊन आत शिरणार नाही. पायांवर उभी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर थर्मामीटर. खाली शक्यतो गवत, आजूबाजूला भिंत नाही, झाड नाही, डांबर नाही. आपल्याकडे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे नोंद घेताना उघडलं तरी ऊन आत पडत नाही. आज जगभर 'तापमान' म्हणून जे सांगितलं जातं ते अशा पेटीतलं, किंवा त्याच तत्त्वावरच्या नव्या यंत्रातलं.

आपल्या राज्यात हे काम त्या पेटीच्याही आधीपासून चालू आहे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. पुढे १८४० च्या दशकात तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या पद्धतशीर नोंदी सुरू झाल्या. त्या कामावर लागलेल्यांत अलिबागजवळच्या नागावचा एक कोवळा मराठी पोरगा होता, केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढे गणितातले केरूनाना छत्रे, लोकमान्य टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गुरू. म्हणजे थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहिण्याचं काम मराठी माणूस गेली पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षं करतोय.

कुलाब्याची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या वादाचं मर्म तिच्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या ट्राममुळे चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस होते, या पदावरचे पहिले भारतीय. यंत्रं तीच ठेवून आकड्यात काहीतरी वजाबाकी करत बसण्यापेक्षा चुंबकीय वेधशाळाच १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. तिथली इमारतसुद्धा लोखंड टाळून बांधली. यंत्र कितीही चांगलं असलं तरी जागा चुकली की नोंद चुकते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

भारतीय हवामान विभाग स्थापन झाला १८७५ मध्ये. १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ येऊन गेलं होतं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पावसाने दगा दिला होता; त्या धक्क्यातून हा विभाग उभा राहिला. त्याचं मुख्यालय आधी कलकत्ता, मग सिमला, आणि १९२८ मध्ये पुणे. पुण्यात शिवाजीनगरला एस.टी.ने उतरणाऱ्यांनी 'सिमला ऑफिस चौक' ऐकला असेल. ते नाव याच ऑफिसचं, सिमल्याहून आलं म्हणून सिमला ऑफिस. १९४४ नंतर मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुण्यातलं काम चालूच राहिलं. तिथंच अ‍ॅना मणी या शास्त्रज्ञ बाईंनी १९४८ पासून यंत्रांच्या विभागात काम केलं. तोवर साधी साधी उपकरणंही परदेशातून यायची. मणींनी शंभराच्या आसपास हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशात बनायला लागली. देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात, त्याच्या मागे अशी कामं आहेत.

पेपरातल्या आकड्याला हे वंशावळीचं बळ आहे. तो एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर, सावलीत घेतलेला हवेचा आकडा आहे. आता गाडीत येऊ.

गाडीतला पहिला थर्मामीटर

गाडीत तापमान दाखवायची सुरुवात झाली ती बाहेरच्या हवेसाठी नव्हे, इंजिनासाठी. सुरुवातीच्या मोटारी सारख्या तापायच्या, आणि तापल्याचं ड्रायव्हरला कळायचं ते रेडिएटरमधून वाफ उसळली की. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉयस याने 'मोटोमीटर' बाजारात आणला. रेडिएटरच्या झाकणावरच बसवलेला गोल थर्मामीटर, गाडीच्या नाकावर, ड्रायव्हरला काचेतून समोर दिसेल असा. त्या काळी तो मिरवायची वस्तूही झाला होता. पण त्याची एक खोड होती. तो पाण्याचं नाही, पाण्यावरच्या वाफेचं तापमान मोजायचा. म्हणजे आकडा खरा, पण ज्याचा हवा त्याचा नाही. ही खोड गाडीतल्या मापकांना तेव्हापासून चिकटली ती आजतागायत.

पुढे मापक नाकावरून डॅशबोर्डवर आला. आधी बारीक नळीतून दाब पोचवणारे काटे, मग विजेवर चालणारे, आणि आता संगणकाच्या हुकमाने हलणारे. आता इथं एक गंमत आहे, आणि आपल्याकडच्या गाडीवाल्यांनी ती जरूर समजून घ्यावी.

जुन्या गाडीचा काटा प्रामाणिक होता. आपला सोलापूर-धुळे रस्ता पुढे कन्नडच्या घाटात, म्हणजे औट्रम घाटात उतरतो. भरलेली गाडी घेऊन चाळीसगावकडून तो घाट चढायला लागलं की काटा वर सरकायचा, माथ्यावर आलं की खाली यायचा. इंजिनाचं तापमान असं थोडंफार वरखाली होणं अगदी नैसर्गिक आहे. पण काटा हलला की गाडीवाला घाबरतो आणि गाडी घेऊन थेट कंपनीच्या वर्कशॉपला जातो. "नवी गाडी हीट मारायला लागली!" तपासून काहीच निघत नाही.

कंपन्यांनी यावर तोडगा काढला तो काट्यावरच. अनेक आधुनिक गाड्यांत काटा असा बांधलेला असतो की इंजिनातलं पाणी साधारण ८० अंशांवर असो की १०० च्या पुढे, काटा बरोबर मध्यावर. वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो तरी काटा जागचा हलत नाही. आकडे गाडीगणिक बदलतात, पण रीत हीच. आणि मग मर्यादा ओलांडली की काटा एकदम लालमध्ये उडी मारतो. तोवर ड्रायव्हरच्या हातात फार वेळ राहिलेला नसतो. आपले जुने फिटर म्हणतात ना, "काटा मध्ये म्हणजे गाडी ठीक असं नाही, काटा मध्ये म्हणजे अजून बोंब नाही झाली", ते खरं आहे.

बऱ्याच लहान गाड्यांत तर काटाच काढून टाकलाय. सुरू करताना निळा दिवा, तापली की लाल दिवा, मधलं काही नाही.

आणखी एक, हे मात्र लक्षात ठेवा, कारण यात इंजिन जातं. होज फुटून कूलंट गळून गेला, तर तापमानाचा संवेदक पाण्यात बुडालेला राहत नाही, मोकळ्या हवेत लटकतो. अशा वेळी काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली, आणि तिकडे हेड गॅस्केट उडतं. तेव्हा रस्त्यात काटा एकाएकी खाली पडला, गोडसर वास आला, किंवा एसी अचानक गरम हवा मारायला लागला, तर गाडी बाजूला घ्या. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की उसळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, मग बघा.

मी हे इंजिनाचं एवढं सांगितलं कारण त्यातून एक गोष्ट दिसते. डॅशबोर्डवर काय दिसावं हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. मोजलं जातं एक, आणि दाखवलं जातं ते गाळून, सांभाळून. बाहेरच्या तापमानाचंही तसंच आहे.

मग तो ४८ चा आकडा कुठून येतो?

बाहेरचं तापमान दाखवणाऱ्या गाडीत एक छोटासा संवेदक असतो, थर्मिस्टर. तापमान वाढलं की याचा विद्युतरोध कमी होतो, त्यावरून संगणक अंश काढतो. या गुणाची पहिली नोंद मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये घेतली होती. संवेदक स्वतः बऱ्यापैकी अचूक असतो, तो बिचारा खोटं बोलत नाही. प्रश्न आहे तो कुठं बसवलाय याचा.

बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या मागे किंवा जाळीजवळ, रेडिएटरच्या पुढ्यात असतो. म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, खाली डांबर, मागे गरम इंजिन. स्टीव्हन्सनची पेटी आठवा : चार फूट उंची, खाली गवत, आसपास काही नाही. बरोब्बर उलटी जागा. मे महिन्यातल्या दुपारी डांबराचा पृष्ठभाग सहज ६० अंशांच्या पुढे जातो. त्याला चिकटून असलेली हवा चार फुटांवरच्या हवेपेक्षा चांगलीच तापलेली असते. त्यात गाडी टोलनाक्याच्या रांगेत उभी असली की इंजिनाची आणि पुढच्या ट्रकची झळ त्या संवेदकावर येते. म्हणून सगळ्यात मोठे आकडे टोलनाक्यावर, सिग्नलवर, पेट्रोल पंपावर काढलेल्या फोटोत दिसतात. चालत्या गाडीतून फोटो काढायचा नसतो, त्यामुळे लोक गाडी थांबवून काढतात, आणि नेमका तेव्हाच आकडा सगळ्यात बिघडलेला असतो.

गाड्या बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं समजू नका. त्यांनी त्यावरही संगणकात युक्ती घातलीय. अनेक गाड्यांत आकडा खाली यायचा असेल तर लगेच येतो, पण वर जायचा असेल तर गाडीने ठरावीक वेग धरून काही वेळ पळावं लागतं, तेव्हाच तो हळूहळू चढतो. कारण साधं आहे : उभ्या गाडीत वाढलेला आकडा बहुधा इंजिनाच्या उष्णतेचा असतो. काही गाड्या तर बंद करून थोड्या वेळाने परत चालू केल्या की मघाचाच आकडा दाखवतात. म्हणजे तुम्ही घरी जेवून आलात, तरी डॅशबोर्डवर जेवणाआधीची हवा. आणि ज्या गाडीत अशी युक्ती नाही किंवा कच्ची आहे, तिथं उन्हात उभी करून परत चालू केल्यावर बंपरचं तापमान हवेचं म्हणून दिसतं. एकाच चौकातल्या दोन गाड्यांत पाच-पाच अंशांचा फरक का, याचं उत्तर हे.

ज्याला पडताळून बघायचंय त्याने बघावं. गेवराईत बसस्थानकासमोर गर्दीत उभं असताना आकडा वाचा. मग बायपासला लागून दहा-बारा किलोमीटर एका वेगाने जा, आणि शेजारच्याला आकडा वाचायला सांगा, ड्रायव्हरने वाचत बसू नये. दोन्ही बाजूला ओलिताचं शिवार लागलं की आकडा उतरलेला दिसेल. हा दुसरा आकडा हवेच्या खऱ्या तापमानाच्या जास्त जवळ असतो.

आणि मूळ विनोद तर पुढेच आहे. हे यंत्र गाडीत उन्हासाठी आलेलंच नाही, ते आलंय थंडीसाठी. युरोपातल्या गाड्यांत बाहेरचं तापमान तीन-चार अंशांवर आलं की टुण्ण आवाज होतो आणि बर्फाच्या कणाचं चिन्ह लागतं : रस्त्यावर बर्फाचा थर असू शकतो, जपून. तिथं रस्त्यालगतची हवा मोजणं योग्यच होतं, कारण प्रश्नच रस्त्याचा होता. तेच मापक आपल्याकडे आलं आणि आपण त्याला रोहिण्यांचं ऊन मोजायला लावलं.

वेधशाळेचं यंत्र चुकत नाही का?

चुकतं. आणि हे सांगितलं नाही तर पोस्ट एकतर्फी होईल.

लिबियातल्या अल अझिझिया इथं १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंशांची नोंद झाली होती. नव्वद वर्षं तो जगाचा उच्चांक म्हणून शाळेच्या पुस्तकात होता. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने जुन्या वह्या तपासून तो रद्द केला. नवख्या नोंदणाऱ्याने बहुधा थर्मामीटरमधल्या खुणेचं चुकीचं टोक वाचलं होतं, साधारण सात अंशांची चूक.

अलीकडचं बघा. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश नोंदले गेले. देशभर ब्रेकिंग न्यूज. हवामान विभागाने दुसरं प्रमाणित यंत्र शेजारी लावून तपासलं, तर तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच आठवड्यात आपल्या नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले. त्यावरही विभागाने खुलासा केला की यंत्रात बिघाड आहे. भारताचा मान्य उच्चांक आजही राजस्थानातल्या फलोदीचा आहे, १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा.

फरक एवढाच की वेधशाळेचा आकडा चुकला तर तो पकडायची व्यवस्था आहे. शेजारच्या केंद्रांशी ताडता येतो, यंत्र तपासता येतं, नव्वद वर्षांनी का होईना वही उघडता येते. डॅशबोर्डच्या फोटोला वही नाही. म्हणून बातमीत मी वेधशाळेचाच आकडा लावतो, आणि लावत राहणार.

पण प्रश्न इथं संपत नाही

कारण हे चार-पाच अंश नुसते ग्रुपवर भांडायचे नाहीत. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलं असेल तर उष्णतेची लाट. थेट ४५ गाठलं तरी लाट, ४७ गाठलं तर तीव्र लाट. म्हणजे रोज डॅशबोर्डवर 'तीव्र लाट' दिसते आणि अधिकृत कागदावर काहीच नसतं. मग माणसं दोन्ही टोकांना जातात. काहींना सगळंच अतिरंजित वाटायला लागतं, काहींचा कुठल्याच इशाऱ्यावर विश्वास राहत नाही. दोन्ही वाईट.

आणि अधिकृत आकडा कमी आहे म्हणून धोका नाही, असंही नाही. १६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, लाखोंची गर्दी, भर दुपारची वेळ, डोक्यावर मांडव नाही. १४ माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी तिथल्या परिसरातलं नोंदलेलं तापमान चाळिशीच्याही आत होतं, ३८ च्या आसपास. मग माणसं का गेली? कारण ३८ हे सावलीतलं. त्यांच्यावर थेट ऊन होतं, खाली तापलेली जमीन होती, समुद्राजवळचा दमटपणा होता ज्यात घाम वाळत नाही, आणि तासन्‌तास बसून राहणं होतं. पेटीतल्या थर्मामीटरला यातलं काहीच सोसावं लागत नाही.

आपल्या तालुक्यात बघा. ऊसतोडीवरून परतलेली माणसं एप्रिल-मेमध्ये मिळेल ते काम घेतात : रोहयोवर, वीटभट्टीवर, रस्त्यावर डांबर टाकायला, मोसंबीच्या बागेत. डांबर टाकणारा मजूर ज्या हवेत उभा आहे ती हवा पेपरातल्या आकड्यापेक्षा डॅशबोर्डवरच्या आकड्याच्या जवळची आहे, किंबहुना त्याच्याही पुढची. गाडीवाला एसीत बसून फोटो काढतो, तो आकडा खरा भोगतो रस्त्यावरचा माणूस. म्हणून मी त्या फोटोंची चेष्टा करत नाही. हवामान म्हणून तो आकडा चूक आहे. रस्त्याची दुपार म्हणून त्यात तथ्य आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघू. हवामान आधारित फळपीक विम्यात मोसंबीच्या आंबिया बहाराला जास्त तापमानाचं संरक्षण आहे. पण भरपाई ठरते ती महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. बाग जळाली आणि केंद्राचा आकडा निकषाच्या आत राहिला, तर डॅशबोर्डचा फोटो, मोबाइलवरचं तापमान, काहीच चालत नाही. राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं बसली. हे चांगलंच झालं, त्याआधी तालुक्याच्या नावाला एखादं यंत्र असायचं. पण यंत्र बसवलं म्हणजे काम संपलं असं नसतं. ते मोकळ्या जागेत आहे का? वर झाडाची फांदी आलीय का? शेजारी पत्र्याचं शेड किंवा भिंत उभी राहिली का? कुंपणात गुडघाभर तण माजलंय का? संवेदक शेवटचा कधी तपासला? ट्राम येणार म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अख्खी वेधशाळा अलिबागला हलली. आपल्या मंडळातलं केंद्र शेडच्या सावलीत गेलं तर निदान एक अर्ज तरी जायला हवा.

ग्रुपवर "सरकार आकडे दाबतंय" असं लिहिण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगाचं आहे. आकडा दाबला जातोय असं म्हणायला पुरावा लागतो. यंत्र चुकीच्या जागी आहे हे डोळ्यांनी बघता येतं, त्याचा फोटो काढता येतो.

तर यंदा काय करायचं

एक. डॅशबोर्डचा फोटो टाकायचाच असेल तर सोबत जागा, वेळ आणि गाडी उभी होती की चालती होती, ते लिहा. "गेवराईचं तापमान" असं लिहू नका, "टोलनाक्यावरचा गाडीतला आकडा" असं लिहा. तो आकडा जिथं खरा आहे, तिथंच तो लोकांना सावध करू शकतो.

दोन. आपल्या मंडळातलं हवामान केंद्र कुठं आहे ते शोधा आणि एकदा जाऊन बघून या. कुंपणाला हात लावू नका, बाहेरून फोटो काढा. झाड, भिंत, शेड, तण, जे दिसेल ते मला पाठवा. तालुक्यातल्या सगळ्या मंडळांचे फोटो जमले की एकत्र करून कृषी कार्यालयात निवेदन देऊ, आणि उत्तर काय आलं ते इथंच लिहीन.

तीन. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, मग ते बागायतदार असोत, ठेकेदार असोत की भट्टीवाले, त्यांनी आकड्याची वाट बघू नये. दुपारी बारा ते चार काम बंद, सकाळी लवकर सुरू. जवळ प्यायचं पाणी, बसायला सावली. कामावरचा माणूस बडबडायला लागला, चक्कर आली, अंग तापलंय आणि घाम येईनासा झालाय, तर "थोडं पड, बरं वाटेल" म्हणू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. तेव्हा पारा ४१ होता की ४६, हे कुणी विचारत नाही.

कमेंटमध्ये तुमच्या गावाचं आणि मंडळाचं नाव टाका. सुरुवात माझ्याकडून करतो : गेवराई मंडळाच्या केंद्राचा फोटो येत्या रविवारी टाकतो.